पालखी बघून धरलेली तारीख

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

राजश्रीवहिनी,

नमस्कार. तोंडाने करायचा नाही म्हणून कागदावर करते.

आपण बोलायचं नाही असं ठरलंय. लिहायचं नाही असं कुणी ठरवल्याचं मला तरी आठवत नाही. म्हणून हे पत्र. मुद्दाम संगमेश्वरला जाऊन पेटीत टाकणार आहे, म्हणजे सदू पोस्टमन ते रीतसर तुमच्या हातात देईल. आपल्या दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून नुसता हात लांब केला असता तरी तुमच्या पडवीत पडलं असतं, पण मग तुम्ही ते केरात लोटलं असतंत. पोस्टाचा शिक्का बघून तरी फोडाल.

बातमी अशी, की स्वानंदीचं लग्न ठरलं. गावाला कळायच्या आधी काकूला कळलं पाहिजे, असा तिचा हट्ट. माझंही तेच म्हणणं आहे, पण आधी तिनं म्हटलं. बाळ असताना तुमच्याच पायावर न्हायची ती. मी पाणी घातलं की घर डोक्यावर घ्यायची आणि तुम्ही घातलं की गपगार. तेव्हा बातमीवर तुमचा हक्क आहे, माझ्यावर राग असला तरी.

मुलगा तिथलाच, लंडनचा. मार्टिन नाव. जातीतला नाही, धर्मातला नाही, देशातला नाही. मग कशातला, ते मला विचारू नका. शाळेत गणित शिकवतो. उंच आहे, हळू बोलतो, आणि फोनवर माझं तोंड दिसलं की खुर्चीवरून उठून उभा राहतो. आपल्याकडचे जावई पाट मांडल्याशिवाय हलत नाहीत, त्या मानाने बराच म्हणायचा. हे असते तर पहिले चार दिवस घुश्शात राहिले असते आणि पाचव्या दिवशी त्याला आंब्याची पेटी पाठवायची कशी ते विचारत फिरले असते.

तिकडे लग्न सरकारी कचेरीत होतं. तारीख आधी घेऊन ठेवावी लागते. स्वानंदी म्हणाली, आई, तू सांग कुठली घेऊ. मी पंचांग नाही उघडलं, पालखी बघितली. दर शिमग्याला पालखी आपल्या खालच्या वाडीत पहिली येते, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी. यंदा धुळवड चौदा मार्चला. पंधराला पालखी झाली, देवीची ओटी भरली, की सोळाला घराला कुलूप लावून निघायचं आणि अठराला लग्न. म्हटलं, घे अठरा. विलायतेतलं लग्न शिमग्यावरून ठरवणारी मीच पहिली असेन.

व्हिसा झाला. परतीचं तिकीट तिनं ऑगस्टचं काढलंय. एवढ्या लांब येतेस तर राहा, म्हणते.

उत्तराची वाट बघत नाही.

हेमा


२ मार्च, रविवार

राजश्रीवहिनी,

पत्र मिळालं ते मी माजघराच्या खिडकीतून बघितलं. चष्मा आणायला आत गेलात आणि आणल्यावर उभ्यानंच वाचलंत. मग मांजराला म्हणालात, "ऐकलंस गो, आपल्या पोरीचं लगीन ठरलं. आपल्याला काय त्याचं, आपण परके." बोलत होतात मांजराशी आणि तोंड होतं माझ्या घराकडे. मांजर बिचारं तुमच्या पायाशी झोपलं होतं. परके असतात तर मी दोन मैल उन्हातून जाऊन पत्र टाकलं असतं का?

असो. आज कारण निराळं आहे.

काल देवळात शिमग्याची बैठक झाली. भाऊजी होते, त्यांनी सांगितलं असेलच. वरच्या वाडीतल्यांचं म्हणणं पडलं, दर वर्षी सुरुवात खालून होते, आमच्याकडे पालखी येईपर्यंत मुंबईची पोरं रजा संपवून निघून जातात. यंदा वरून सुरुवात करा. मानकऱ्यांनी मान डोलावली. रास्तच आहे म्हणा, मीही त्यांच्या जागी हेच मागितलं असतं. पण त्यामुळं आपल्या वाडीची पालखी गेली अठराला. अठराला! मी तिथंच ओरडले, "अहो, अठराला माझ्या मुलीचं लग्न आहे!" तर मागून कुणीतरी म्हणालं, "मग देवीला पत्रिका द्या, काकू." सगळे हसले. मीपण हसले. घरी येऊन चहा टाकला आणि स्वानंदीला फोन लावला.

कचेरीची तारीख आता बदलत नाही. स्वानंदीनं विचारून बघितलं. पुढची मिळते ती थेट जूनमध्ये, आणि मार्टिनची म्हातारी आजी कुठल्याशा गावाहून अठरासाठी म्हणून येतेय.

वहिनी, तुम्हाला सांगायला नको, कुलूप असलेल्या दारापुढं पालखी थांबत नाही. आपल्या वाडीत आता किती दारं उघडतात? तुमचं, माझं, येसूबाईचं आणि टोकाचं ते एक. बाकीच्यांची अंगणं गवतानं भरलीत. त्या घरांपुढून पालखी जाते तेव्हा ढोलवालासुद्धा हात आखडता घेतो. मला ते बघवत नाही. दर वर्षी मी आपल्याच उंबऱ्याकडे बघत उभी राहते.

ह्यांनी शेवटच्या आजारात मला दुसरं काही सांगितलं नाही. "हेमा, दार उघडं ठेव," एवढंच. सहा वर्षं मी ठेवलंय. माझ्या हातची ओटी चालत नाही म्हणणाऱ्या बायका गावात आहेत, त्यांच्या नाकावर टिच्चून मी भरते. देवीनं अजून तक्रार केलेली नाही. पण यंदा दार बंद दिसलं की गाव म्हणणार, गेली मुलीकडे, आता कसली येतेय. आणि तुम्हाला म्हणून सांगते, मला भीती गावाची नाही. एकदा माझं घर बंद घरात जमा झालं, की मलाच वाटायला लागेल आता कशाला परत जायचं.

दारात घराण्यातलं माणूस लागतं. घराण्यातलं म्हणजे आता तुम्ही आणि भाऊजी. तुमच्या उन्मेषला मुंबईहून रजा मिळत नाही, ते त्यानं मला कळवलं. तेव्हा तुम्हालाच विचारते. अठराला माझं दार उघडाल का? देवीची ओटी भराल का?

आता तुम्हाला ती नऊ वर्षांपूर्वीची पालखी आठवेल. मलाही आठवते. पालखी गडग्याच्या तोंडाशी खोळंबलेली, भोई घामाघूम, ढोलवाला वाजवू की नको करतोय, आणि आपण दोघी जावा रस्त्यात पदर खोचून. तुमचं म्हणणं, थोरल्या भावाचं घर आधी. माझं म्हणणं, वाटणीत मूळ घर आमच्याकडे आलं, देवी आधी मूळ घरी येणार. अजूनही माझंच बरोबर आहे. परदेशी जायच्या आधी लिहून ठेवते, म्हणजे मागाहून घोळ नको. मग गावानं कंटाळून तोडगा काढला, एक वर्ष तुमच्याकडे आधी, एक वर्ष माझ्याकडे. यंदा पाळी तुमची. ती तुम्ही खुशाल घ्या. माझ्याकडे मागाहून थांबली तरी चालेल, पण थांबू दे.

हेमा


८ मार्च

राजश्रीवहिनी,

मांजराला दिलेलं उत्तर पोचलं.

"ज्याचं घर त्यानं उघडावं. नऊ वर्षं हाक मारलीन नाही, आता काम पडलं तर कागद धाडतेय." बरोबर ना? एक शब्द इकडचा तिकडे झाला असेल तर मांजराला साक्षीला बोलवा.

हाक तुम्हीही मारली नाहीत. हे वारले तेव्हा येऊन दिवसभर माझ्याजवळ बसलात, पेज करून वाढलीत, पण तोंडातून शब्द काढला नाहीत. मी वाट बघत होते. आता ते जाऊ दे.

तर मी जात नाही. कळवायचं म्हणून कळवते. बॅग माळ्यावर टाकली. स्वानंदीला फोन केला, म्हटलं, तुम्ही लग्न उरकून घ्या, मी पावसाआधी येते तुला भेटायला. ती म्हणाली, "आई, देवी मोठी की मी?" हा काय प्रश्न झाला? असं कुणी आईला विचारतं? तिनंही फोन ठेवला नाही, मीही नाही.

मागून मार्टिन विचारत होता, काय झालं. त्याला ती समजावत बसली, की देवी वर्षातून एकदा घरी येते आणि दार उघडायला घरचं माणूस लागतं. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. म्हणाला, मग शेजारी कुणी नाही का? म्हटलं, सांग त्याला, शेजारी सख्खी जाऊ आहे आणि आमचं बोलणं नाही. किती दिवस? नऊ वर्षं. मग त्यानं विचारलं, त्या कुठे लांब राहतात का? स्वानंदी म्हणाली, नाही, आईनं भाजीला फोडणी दिली की काकूला ठसका लागतो. गणिताचा मास्तर तो, पण हे गणित काही त्याला सुटलं नाही.

मला इथं एकटीला बसून पुरण शिजवायचं आहे आणि माझं मन त्यात नाही. तुम्हाला बरं वाटत असेल तर वाटो. मला तुमचा भयंकर राग आलाय.

हेमा


१६ मार्च, सकाळ

वहिनी,

काल सकाळी पडवीत टोपली होती. तुम्ही ठेवलीत तशीच मी ती आत नेली आणि पाटावर ठेवून उघडली. मेतकूट, आमसुलं, कुळथाचं पीठ, तळलेले गरे. एवढं सगळं ती विमानवाली मंडळी नेऊ देतात का ते देवाला ठाऊक. आणि खाली ती हिरवी साडी. मी घडीवरूनच ओळखली. सासूबाईंनी तुम्हाला थोरली सून म्हणून नेसवलेली. मी लग्न होऊन आले तेव्हा मला ती साडी केवढी डोळ्यांत सलली होती, माहितीये? तुम्ही ती कुणाला हात लावू देत नव्हतात. वर चिठ्ठी नाही, काही नाही. पण ती माझ्यासाठी नाही एवढं मला कळतं.

मग तुमचा आवाज आला. मांजर कुठं दिसत नव्हतं, तरी तुमचं चालू. "लग्नाला आई नाही म्हणजे काय? पोर काय रस्त्यावर पडलीय? बॅग माळ्यावर टाकून बसलीय म्हणे. अक्कल गहाण टाकलीन!"

शिवी ऐकून मला इतकं बरं वाटलं, वहिनी, काय सांगू.

थोड्या वेळानं भाऊजी गडग्यापाशी आले. नारळाच्या झावळ्या ओढायचं नाटक करत म्हणाले, "हेमा, नितेशला गाडी घेऊन यायला सांगू ना मुंबईला सोडायला?" मी म्हटलं, "भाऊजी, माझ्या दाराचं काय?" तर म्हणाले, "ते मला विचारू नको बाई. मला त्या घरात रोज जेवायचं आहे." आणि झावळी तिथंच टाकून गेले.

म्हणजे दाराचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पण मी जाते. साडी निघालीय लग्नाला, आणि मी आई असून मागे बसू? स्वानंदीला फोन केला, येते म्हटलं. ती रडली, मी रडले, मागून मार्टिननं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

पत्र पोस्टात टाकलं तर तुमच्या हातात पडेपर्यंत पालखी होऊन जाईल. म्हणून आज पहिल्यांदा सदूला मधे घेत नाही. पाकिटात किल्ली आहे. पाकीट गडग्यावर ठेवते, वर दगड. ओटीचं सगळं देवघरात आहे, खण, तांदूळ, नारळ. अंगण सारवून ठेवलंय. पाट फळीवर आहे, जरा जपून काढा, एक पाय हलतो.

घ्यायची नसेल किल्ली तर राहू दे तिथंच, मी आल्यावर काढीन. त्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही. म्हणजे तशीही बोलत नाहीच आपण.

गाडी आली. नितेश भोंगा वाजवतोय, जसं काही मी बहिरी आहे.

हेमा


लंडन, २० मार्च, गुरुवार

वहिनी,

लंडन मोठं आहे. मी फार काही बघितलेलं नाही, आणि बघितलं त्यात माझं लक्ष नव्हतं. स्वानंदीच्या घराची गल्ली म्हणजे एकाला एक चिकटलेली घरं, सगळ्यांची दारं बंद. मला वाटलं, इथंही सगळे मुंबईला गेले की काय. पण नाही, माणसं आत असतात. थंडी म्हणून लावून घेतात. पहिल्या दिवशी मी सवयीनं दार उघडं टाकून पायरीवर बसले, तर समोरची बाई धावत आली, काही झालंय का विचारायला. स्वानंदी हसून हसून लोळली.

लग्न झालं. ते पुढे सांगते, आधी पालखीचं.

आम्ही कचेरीच्या बाहेरच्या खोलीत बसलो होतो. इथं सकाळचे साडेदहा, म्हणजे तुमच्याकडे चार. सोळा तारखेपासून मी कुणाला काही विचारलं नव्हतं. विचारायचा धीरच होत नव्हता. मार्टिनची आजी माझा हात धरून बसली होती, तिला वाटलं मुलीच्या लग्नाचं दडपण आलंय. तेवढ्यात भाऊजींचा व्हिडिओ फोन. आधी नुसता त्यांचा कान दिसला. मग ढोल ऐकू आला.

त्यांनी फोन फिरवला आणि मला तुमचं दार दिसलं. बंद. बाहेरून कडी, कडीला कुलूप.

म्हटलं, काय झालं? वहिनींना काही झालं का? यंदा पाळी त्यांची, पालखी दारात, आणि घराला कुलूप? मी ओरडले, "भाऊजी, वहिनी कुठायत?" त्यांना ढोलात काही ऐकू जाईना. आजीनं माझा हात आणखी घट्ट धरला.

मग फोन वळला. माझं दार सताड उघडं. आंब्याच्या पानांचं तोरण, अंगणभर रांगोळी, आणि उंबऱ्यात तुम्ही, हातात ओटीचं ताट घेऊन. मानकरी विचारत होते, आधी कुठलं घर, आणि तुम्ही सगळ्या गावादेखत म्हणालात, "यंदा घर एकच. देवी मूळ घरी बसेल."

वहिनी, नऊ वर्षं मी ज्या दोन शब्दांसाठी भांडले, ते तुम्ही असे अंगणात उभ्या राहून बोलून टाकलेत. मला आनंद व्हायला हवा होता. मी जिंकलेच की! पण माझे डोळे तुमच्या कुलपाकडे लागले होते. ते मला बघवेना. तुम्हाला कुणी सांगितलं होतं आपलं घर बंद करायला? मी मागाहून थांबली तरी चालेल म्हणाले होते ना? पुढल्या वर्षी असलं काही केलंत तर मी स्वतः येऊन तुमचं कुलूप फोडीन, सांगून ठेवते.

मग मानकऱ्यांनी देवीला गाऱ्हाणं घातलं. "ह्या घरची लेक आज साता समुद्रापल्याड लग्नाला उभी हाय, आई, तिचा संसार सुखाचा कर!" आणि सगळं अंगण एका आवाजात, "व्हय म्हाराजा!" कचेरीतली बाई दचकून बाहेर आली. स्वानंदीनं तिला काय सांगितलं कोण जाणे, पण ती बाई हातातले कागद छातीशी धरून गाऱ्हाणं संपेपर्यंत गप्प उभी राहिली. मार्टिन तर आधीपासूनच उभा होता.

मग भाऊजींनी फोन तुमच्या हातात दिला. तुम्ही तो उलटा धरलात, मला तुम्ही डोक्यावर उभ्या दिसत होतात. स्वानंदी पुढं झाली. हिरवी साडी नेसली होती, मीच नेसवली. तुम्ही बघितलंत, डोळे पुसलेत आणि म्हणालात, "निऱ्या कुणी घातल्यान गो? एक बाजू वर गेलीय." ती रडायला लागली, तुम्हीही. आणि मग तुम्ही तिच्या खांद्यावरून मागे बघितलंत, माझ्याकडे. मधे मांजर नाही, भाऊजी नाहीत, सदू नाही.

"आणि तू, हेमा? येतेस कधी?"

तेवढ्यात आतून आमची नावं पुकारली. सगळे उठले, फोन कुणाच्या तरी हातात गेला आणि बंद झाला. नऊ वर्षांनी तुम्ही मला काही विचारलंत आणि नेमका तेव्हाच.

लग्न छान झालं. दहा मिनिटांत झालं. दोघांनी सह्या केल्या, मीही केली, मराठीत. मेतकूट-भात मार्टिनच्या आजीला फार आवडला, गरे मात्र तिच्या दातांना झेपले नाहीत.

आता उत्तर. फोनवर सांगता आलं असतं, पण तुमच्याशी बोलायला सुरुवात करायची ती फोनवर नाही करायची मला. ऑगस्ट नाही. काल तिकीट बदलून घेतलं. स्वानंदी रुसली. मी म्हटलं, तुझ्याकडे माणसं आहेत आता, आणि तिकडे वाडीत तुझी काकू एकटी मांजराशी बोलत बसलीय. मग तिनंच तारीख शोधून दिली.

आठ एप्रिलला सकाळच्या गाडीनं मी संगमेश्वरला उतरते. भाऊजींना पाठवू नका. नितेशलाही सांगू नका.

स्टेशनवर तुम्ही या.

तुमची धाकटी जाऊ,
हेमा